कर्सर पळतोय ना? मग रिसीव्हर शाबूत आहे

"रिसीव्हर लावून लॅपटॉप सुरू केला की कर्सर वेड्यासारखा पळत सुटतो, मेनू आपोआप उघडतात, आणि नकाशाच्या प्रोग्रॅमला मात्र जीपीएस सापडत नाही." तुमचं हे वाक्य वाचून आधी हसू आलं, मग जुना राग वर आला. जवळजवळ ह्याच शब्दांत मी माझ्या जीपीएस रिसीव्हरबद्दल एका हेल्पडेस्कला तीनदा लिहिलं होतं. रिसीव्हर परत करून टॅबलेट घेऊ की सरळ हँडहेल्ड (हातात धरायचं स्वतंत्र जीपीएस यंत्र), असं तुम्ही विचारलंय. थांबा जरा. इतक्यात काही विकत घेऊ नका. आणि "एकदा फॉरमॅट मारून बघा" असा सल्ला कोणी दिला तर त्याला नमस्कार करून पुढे चला.

तुमचा रिसीव्हर ठणठणीत आहे, म्हणून तर हा गोंधळ. असे यूएसबी रिसीव्हर बहुतेक वेळा संगणकाला जुन्या सिरियल पोर्टसारखे (एकामागून एक अक्षरं पाठवणाऱ्या जुन्या जोडणीसारखे) दिसतात. वीज मिळाली की कोणी विचारो न विचारो, दर सेकंदाला एनएमईए ०१८३ च्या, म्हणजे जागा-वेळ सांगणाऱ्या ठरावीक साच्यातल्या मजकुराच्या, ओळी ओकायला लागतात. एके काळी माउससुद्धा सिरियल पोर्टलाच जोडत, त्यामुळे तिथे एखादा माउस बसलाय का हे विंडोज अजूनही चाचपून बघतं. रिसीव्हरची अक्षरं त्याला माउसची वाटतात, आणि 'सिरियल बॉलपॉइंट' नावाचं एक न असलेलं उपकरण ते बसवून टाकतं. मग तुमचे अक्षांश-रेखांश म्हणजे कर्सरच्या उड्या. पोर्ट त्या भुताने धरलेला, म्हणून नकाशाला काही मिळत नाही. तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे.

रिसीव्हर काढून ठेवा, विंडोज पूर्ण सुरू होऊ द्या, डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा, मग रिसीव्हर लावा. माउसच्या यादीत बॉलपॉइंट दिसला की कीबोर्डच्या बाणांनी त्याच्यावर जा (माउसच्या नादी लागू नका, हराल), शिफ्ट-एफ१० दाबा आणि डिसेबल करा. अनइन्स्टॉल नव्हे, डिसेबल. अनइन्स्टॉल केलंत तर पुढच्या वेळी स्वारी पुन्हा हजर. यादीत दिसलाच नाही तर रिसीव्हर लावलेला ठेवून एकदा रीस्टार्ट करा, बहुतेक उगवेल. आणि यूएसबीचं भोक बदललंत तर तो नव्याने उगवू शकतो, म्हणून एक भोक ठरवून टाका. रजिस्ट्रीतूनही (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यातून) कायमचा बंद करता येतो, पण ज्यांना रजिस्ट्रीची सवय नाही त्यांना मी ते सांगत नाही. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही, चटके खाऊन शिकलेला माणूस आहे. शिवाय हे सगळं विंडोजपुरतं, लिनक्सवर मामला वेगळा.

आता माझी फजिती. रिसीव्हर मी दोनदा सर्व्हिस सेंटरला पाठवला. दोन्ही वेळा "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी लावून परत आला. ते खोटं बोलत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. ते आधीच चालू असलेल्या संगणकाला रिसीव्हर लावून बघत, आणि मी तो लावून ठेवूनच लॅपटॉप सुरू करत असे. एवढाच फरक. "तुम्ही तो नेमका कधी लावता?" हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर पाच मिनिटांत सुटलं असतं. विचारलं काय, तर सिरियल नंबर, बिल, आणि ड्रायव्हर पुन्हा टाकला का. तिसऱ्या खेपेला हेल्पडेस्कने निर्वाणीचं सांगितलं: विंडोजच बिघडलंय, फॉरमॅट करा.

आणि मी केलं. फोटो, कागदपत्रं, डेस्कटॉप, सगळं आधी कॉपी केलं. पण नकाशाचा प्रोग्रॅम ट्रॅक (चाललेल्या वाटा) आणि वेपॉइंट (खूण केलेल्या जागा) स्वतःच्याच फोल्डरमध्ये, स्वतःच्याच फाइलमध्ये ठेवत होता, ते लक्षातच आलं नाही. तीन वर्षांच्या पायवाटा गेल्या. पाण्याच्या जागा, दोन वाटांचे फाटे, कुठे वाट संपते तिथल्या खुणा. नवं विंडोज चढलं, रिसीव्हर लावला, लॅपटॉप सुरू केला, आणि कर्सर पळाला.

तेव्हापासून सेटअप कुठलाही असो, माझी पहिली चौकशी एकच: ट्रॅक जीपीएक्समध्ये, म्हणजे बहुतेक नकाशा-प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या फाइलमध्ये, बाहेर काढता येतात का? येत नसतील तर तो प्रोग्रॅम कितीही गोजिरवाणा असो, मला नको. हे मत एकांगी आहे, मान्य. पण नकाशे पुन्हा उतरवता येतात, चाललेली वाट पुन्हा उतरवता येत नाही.

बॉलपॉइंट गेल्यावरही नकाशा हलला नाही तर तीन गोष्टी बघा. पोर्टचा नंबर: काही जुन्या प्रोग्रॅमना मोठे कॉम नंबर (विंडोज पोर्टला देतं तो क्रमांक) दिसतच नाहीत, तो डिव्हाइस मॅनेजरमधून खाली आणता येतो. वेग: एनएमईएचा मूळ वेग सेकंदाला ४८०० बिट, पण बरेच रिसीव्हर ९६०० वर बोलतात, आणि चुकीच्या वेगावर नुसता कचरा दिसतो. तिसरं म्हणजे एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमचा. तपासायला उघडलेली टर्मिनलची (पोर्टवरच्या ओळी जशाच्या तशा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) खिडकी बंद करायला विसरून मी नकाशाला शिव्या घालत बसलोय. आणि पहिली परीक्षा घरात घेऊ नका. उघड्या आकाशाखालीसुद्धा एका उपग्रहाची कक्षेची माहिती पूर्ण यायला साधारण ३० सेकंद लागतात, सगळ्या उपग्रहांचं पंचांग, म्हणजे अल्मनॅक, यायला साडेबारा मिनिटं. मध्ये सिग्नल तुटला की वाट बघणं वाढतं. वाहनाच्या काचेवर धातूचा पातळ थर असेल तर आत बसून काही मिळणार नाही. रिसीव्हर छतावर ठेवा, वायर लांब घ्या. लॅपटॉपच्या विद्युत गोंगाटापासून तो मीटरभर लांब गेलेला बराच असतो.

टॅबलेटचं म्हणाल तर सावध. आयपॅडच्या नुसत्या वाय-फायवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्यात असतं. फसगत अशी की आसपासच्या वाय-फायवरून जागा ताडून नकाशावर ठिपका तिथेही येतो, म्हणून दुकानात सगळं झकास दिसतं. वाय-फाय संपलं की ठिपका संपला. ब्लूटूथ रिसीव्हर जोडणार असाल तर अँड्रॉइडवर जुगाड होतो, आयफोन-आयपॅडवर साधा ब्लूटूथ रिसीव्हर चालत नाही.

हँडहेल्ड मला आवडतो, पण चालणाऱ्यासाठी. भर उन्हात वाचता येतो, ओल्या हाताने बटणं दाबता येतात, पेन्सिल सेल बदलले की पुन्हा चालू. तुम्ही लिहिलंय की गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी बसून वाट टिपायची आहे आणि रात्री मोठ्या पडद्यावर बघायची आहे. त्याला आत्ता आहे तोच लॅपटॉप आणि तोच रिसीव्हर पुरे. "पुढच्या वळणावर डावीकडे" ऐकायचं असेल तर फोनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे आधीच उतरवून ठेवा. जीपीएस फक्त ऐकतं, त्याला नेटवर्क लागत नाही. मात्र चालवणाऱ्याने लॅपटॉपकडे बघायचं नाही, आणि एअरबॅगच्या समोर तो मांडीवर धरायचा नाही.

जाता जाता, जुना रिसीव्हर जागा बरोबर आणि तारीख वीसेक वर्षं मागची दाखवत असेल तर घाबरू नका. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणारा काटा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचा एप्रिल २०१९ मध्ये आला. आणि एनएमईएतलं १८३०.५ म्हणजे १८ अंश साडेतीस मिनिटं, म्हणजे १८.५०८ अंश. ते १८.३०५ समजून टाकलंत तर वीस-बावीस किलोमीटर दक्षिणेला पोचाल. मी पोचलोय.

बॉलपॉइंट डिसेबल झाला की टर्मिनलमधल्या जीजीए (जागा आणि उपग्रहांची माहिती देणारी एनएमईए ओळ) असलेल्या दोन-तीन ओळी इथे टाका. अक्षांश-रेखांशानंतरचा पहिला आकडा ० असेल तर अजून फिक्स नाही, म्हणजे जागा सापडलेली नाही, १ किंवा २ असेल तर आहे, त्यापुढे उपग्रह किती ते येतं. बघून सांगतो. टाकण्याआधी अक्षांश-रेखांश तेवढे खोडा, नाहीतर घराचा पत्ता सगळ्यांना मिळेल.