आडवं कपाट, बसायचं बाक

प्रश्न: सनमायका लावलेलं पार्टिकल बोर्डचं एका दाराचं कपाट आहे. उंची १२० सेंमी, रुंदी आणि खोली ४०-४०, फळ्या १८ मिमीच्या. तळ पाण्याने फुगला आहे, बिजागऱ्यांचे स्क्रू निसटले आहेत. आडवं करून बाक होईल का?

उत्तर: होईल, पण रंगाआधी सांगाडा बघा. फुगलेला भाग घासून किंवा लांबी (पुट्टी) भरून सरळ होत नाही, कारण आतला भुसा सुटलेला असतो. फूग तळफळीच्या खालच्या पायांपुरतीच असेल तर तेवढे कापून टाका. तळफळीच फुगली असेल तर ती बदला.

कपाट आडवं केलं की बाजूची फळी बैठक होते आणि १२० सेंमीवर ती वाकणारच. खुंट्यांवर टेकवलेले कप्पे आता काहीच भार घेत नाहीत. दार नाहीतरी निकामी आहे, त्यातून ३६.४ सेंमी उंचीचे दोन उभे टेकू कापा आणि साधारण दर ४० सेंमीला एक बसवा. ३ मिमीचं भोक आधी पाडून ४ × ५० मिमीचे स्क्रू मारा. भोक न पाडता मारलात तर बोर्डाची कड उकलते. नुसत्या डिंकावर विसंबू नका, सनमायकाला पांढरा डिंक धरत नाही.

पाठीची पातळ फळी काढायचा मोह टाळा. बाक डुलू न देणारी तीच. ती ढिली असेल तर पुन्हा ठोकण्याआधी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे.

वर १८ मिमी प्लाय ठेवून आतून ३० मिमीचे स्क्रू मारा. त्यावर ५ सेंमीचा घट्ट फोम. खाली रबरी बूच हवेतच, नाहीतर फरशी पुसताना पुन्हा फूग.

प्रश्न: रंग नखाने सोलून येतो. का?

उत्तर: गुळगुळीत सनमायकावर रंगाला पकड नसते. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, वाळल्यावर १५० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंतच घासा. मग चकचकीत पृष्ठभागासाठीचा प्रायमर, आणि रंगाचे दोन पातळ हात, मध्ये २२० नंबरच्या पेपरने हलकं घासणं. कापलेल्या कडा प्रायमर पितात, तिथे दोन-तीन हात लागतात. रंग हाताला कोरडा लागला तरी पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात; तोवर वर जड कुंडी ठेवू नका, चिकटते.