मुलगा मँचेस्टरला, पॉलिसी नाशिकला

प्रश्न: माझा मुलगा मँचेस्टरला मास्टर्स करून सप्टेंबरपासून तिथेच नोकरीला लागलाय. पगार वर्षाला ५६,००० पौंड, पण टॅक्स आणि एनआय (नॅशनल इन्शुरन्स, तिकडची सामाजिक विम्याची कपात) धरून महिन्याला हजाराच्या वर कापले जातात. आमच्या ओळखीचे एजंट म्हणतात ३१ मार्चच्या आत त्याच्या नावाने पॉलिसी आणि पीपीएफ करा, टॅक्स वाचेल. त्याची सॅलरी स्लिप सोबत पाठवतेय. काय करावं? (एक आई, गंगापूर रोड)

उत्तर: ताई, पॉलिसीचा चेक आधी थांबवा. आपलं ८०सी तिकडच्या टॅक्सला लागूच होत नाही, तुम्ही इथे कितीही भरा, तिकडचा एक पौंड वाचणार नाही, आणि मुलगा आता एनआरआय आहे म्हणून नवीन पीपीएफ तर उघडताच येत नाही. वर्षही वेगळं, तिकडे ६ एप्रिल ते ५ एप्रिल. आपल्याकडे मार्चमध्ये पावत्या गोळा करायची सवय असते तसं तिथे नाही, तिथे जे वाचतं ते बहुतेक पगार हातात यायच्या आधी वाचतं.

आता स्लिप. वरच्या कोपऱ्यात टॅक्स कोड दिसतोय, १२५७एल एम१. १२५७ म्हणजे वर्षाला १२,५७० पौंडांवर टॅक्स नाही, ते बरोबर आहे. पण ते एम१ मला खटकलं. त्याचा अर्थ प्रत्येक महिना सुटा धरलाय, एप्रिल ते ऑगस्ट तो शिकत होता, कमाई शून्य, त्या पाच महिन्यांची न वापरलेली सूट त्याला मिळतच नाहीये! ढोबळ हिशोब करून बघितला (पेन्शनची कपात सोडून). सप्टेंबर ते मार्च सात पगार म्हणजे साधारण ३२,६६७ पौंड, त्यावर टॅक्स व्हायला हवा ४,०१९, आणि ह्या कोडने सातही पगार गेले तर कापला जाईल ५,७३५. म्हणजे १,७१६ पौंड जास्तीचे. त्याला म्हणावं आजच एचएमआरसीच्या (तिकडचं टॅक्स खातं) अ‍ॅपमध्ये जाऊन नोकरीची माहिती बघ, कोड दुरुस्त करून घे, पुढच्या पगारातच पैसे परत येतात. मी लीड्सला पेरोलमध्ये होते तेव्हा आमच्याकडे नवीन लागलेली कितीतरी मुलं हे न बघताच वर्ष काढायची, फार वाईट वाटायचं.

दुसरी गोष्ट पेन्शनची. ती खरी मोठी, पण ह्या वर्षी नाही, पुढच्या ६ एप्रिलपासून. कारण ४० टक्क्यांचा दर ५०,२७० पौंडांच्या वर लागतो (स्कॉटलंडचे दर वेगळे आहेत, मँचेस्टरला हा), आणि ह्या वर्षी त्याची कमाई तेवढी होतच नाही. पुढच्या वर्षी पूर्ण ५६,००० आले की वरचे ५,७३० त्यात जातील. कंपनीत सॅलरी सॅक्रिफाइस आहे का हे एचआरला विचारायला सांगा. असेल तर तेवढे ५,७३० पगारातून कमी करून थेट पेन्शनमध्ये टाकायचे, टॅक्सचे २,२९२ आणि एनआयचे ११५ वाचतात, म्हणजे हातातले जातात फक्त ३,३२३ आणि पेन्शनमध्ये पडतात पूर्ण ५,७३०. एप्रिल २०२९ पासून ह्यातली एनआयची सूट वर्षाला २,००० पौंडांपुरतीच राहणार आहे, इन्कम टॅक्सची तशीच. सॅक्रिफाइस नसेल आणि पेन्शन पगार हातात आल्यावर भरली जात असेल तर पेन्शन कंपनी २० टक्केच मिळवून देते, वरचे २० टक्के स्वतः एचएमआरसीकडे मागावे लागतात, आणि ते मागायचं खूप जण विसरतात.

पण एक विचारा त्याला, तिकडेच राहणार का? पेन्शनचे पैसे ५५ व्या वर्षाआधी निघत नाहीत, एप्रिल २०२८ पासून तर ५७. तो नाशिकला परत आला तरी ते तिथेच अडकून राहतात. दोन वर्षांत घर घ्यायचंय, लग्न करायचंय असं असेल तर सगळं तिकडे कोंबू नका.

आयसाचं (तिकडचं करमुक्त बचत खातं) तो म्हणत असेल तर साधा आयसा चांगला, वर्षाला २०,००० पौंडांपर्यंत, त्यातल्या व्याजावर आणि नफ्यावर तिकडे टॅक्स नाही. परत येऊन भारताचा रहिवासी झाला की इथे मात्र लागतो. लाइफटाइम आयसात ४,००० भरले की सरकार १,००० देतं म्हणून मुलं भुलतात, पण तो तिकडच्या पहिल्या घरासाठी (किंवा साठीनंतर), पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटसाठी चालत नाही. मधेच काढले तर ५,००० वर २५ टक्के कापतात, हातात ३,७५०, म्हणजे भरले त्याहून कमी.

आणि त्याच्या नावावर इथे एफडी असेल तर तिचं व्याज तिकडच्या हिशोबात येतं, हे त्याला माहीत असू द्या. नव्याने आलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत आहे, पण ती घेतली की त्या वर्षीची १२,५७० ची सूट जाते, छोट्या एफडीसाठी परवडत नाही.

प्रश्न: भाऊ लंडनला कॉन्ट्रॅक्टवर आयटीत आहे. एक एजन्सी म्हणते आमच्यामार्फत पगार घे, ८५ टक्के हातात देऊ, बाकीचं कर्ज म्हणून दाखवू. हे कायदेशीर असतं का? (नाशिकरोड)

उत्तर: नाही दादा, त्याला आज रात्रीच फोन करा. पगाराला कर्ज म्हटलं तरी एचएमआरसी तो पगारच धरतं, आणि वसुली काम करणाऱ्याकडूनही करू शकतं, व्याज आणि दंडासकट. अशा जुन्या स्कीमांच्या नोटिसा लोकांना कित्येक वर्षांनी आल्यात, तोवर स्कीमवाले दुकान बंद करून गेलेले. त्याने सही केली असेल तर एकही पगार उचलायच्या आधी बाहेर पडावं, आणि एक-दोन पगार घेऊन झाले असतील तर स्वतःहून एचएमआरसीला कळवावं, स्वतः सांगितलं तर दंड कमी लागतो. कॉन्ट्रॅक्टची कॉपी आणि सगळे मेसेज जपून ठेवायला सांगा.