नाईट करून आल्यावर दार उघडायचं का?

प्रश्न: मी नवापूर तालुक्यात एका दवाखान्यात नर्स आहे. नाईट करून घरी येते, भाकरी टाकते, जरा पाठ टेकली की दारावर थाप, ताई बीपी बघा, ताई हा रिपोर्ट वाचून द्या. सगळी आपल्याच चर्चच्या मंडळीतली माणसं. मनातून चीड येते आणि मग वाटतं, प्रभूला तर दमलेला असताना पण लोकांचा कळवळा आला, आपण कसले ख्रिस्ती?

उत्तर: ताई, बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाचा 6 वा अध्याय पूर्ण वाचा ना. शिष्य गावोगाव फिरून आलेत, लोकांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नाही, तेव्हा येशूच म्हणतो चला एकांतात, थोडा विसावा घ्या. विसाव्याची गोष्ट त्यानेच काढली. होडीतून उतरतात तर लोक पायी धावत आधीच हजर, त्याला कळवळा आला हे खरंच, पाच भाकरी दोन माशांत सगळ्या लोकांना जेवू घातलं ती गोष्ट तिथलीच. पण वाटप त्याने एकट्याने नाही केलं, भाकरी मोडून शिष्यांच्या हातात दिल्या. आणि पुढचं आपल्याकडे उपदेशात फार कमी येतं, जेवणं झाल्यावर त्याने शिष्यांना होडीने पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला नि एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. लोकांची दुखणी त्या संध्याकाळी संपली होती का? तरी निरोप दिला.

जुन्या करारातला संदेष्टा एलीया तर झुडपाखाली पडून मरण मागत होता, देवदूताने त्याला भाकर नि पाणी दिलं, तो खाऊन परत झोपला तरी झोपू दिलं.

तुमची चीड बरीचशी अपुऱ्या झोपेची आहे. रात्री तुमच्या हातात इंजेक्शनं असतात, डोळे मिटत असताना डोस चुकला तर? दिवसाची झोप त्या पेशंटसाठी पण आहे.

पाळकांना रविवारी जाहीर करायला सांगा, बीपी नि रिपोर्ट संध्याकाळी पाचनंतरच. तरुण संघातल्या दोघीतिघींना डिजिटल मशीन शिकवून टाका, माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं, हात छातीच्या उंचीला टेकवायचा, मग पट्टा बांधायचा, येतं ते. आणि सकाळच्या भाकरी घरात दुसऱ्या कुणीतरी टाकाव्यात, हे मी ठासून सांगते. छातीत दुखतंय, साप चावला, बाळंतपणाच्या कळा, याला दार कधीही वाजवू दे, फक्त सगळ्यांना सांगून ठेवा की आधी 108 ला फोन लावा, मग ताईकडे या.