एकच नग बनलेल्या रेल्वे इंजिनाचं छोटं मॉडेल काढणं मॉडेल कंपनीला परवडतं का?

परवडतं, पण त्या इंजिनाला चेहरा हवा. खरा खर्च साच्याचा. नेहमीच्या इंजिनाच्या एकाच साच्यातून रंग आणि नंबर बदलत वर्षानुवर्षं माल काढता येतो. प्रोटोटाइपला, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या पहिल्या नगाला, ती सोय फारशी नसते.

ब्रिटनचं १९५५ चं डेल्टिक हे प्रोटोटाइप डिझेल इंजिन बघा. फिकट निळं अंग, नाकावर मिशांसारखे क्रीम पट्टे, कपाळावर भलामोठा दिवा! नंतरच्या २२ डेल्टिकांपेक्षा त्याची बॉडी वेगळी, म्हणजे साचा नवाच. तरी बॅकमन या मॉडेल कंपनीनं त्याचं मॉडेल बनवलं, कारण ऑर्डर ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची होती. असा गिऱ्हाईक आधीच ठरला की खपाची धास्ती बरीच उतरते.

केआर मॉडेल्सनं तर कधीच भंगारात गेलेलं जीटी३ हे गॅस टर्बाइन इंजिनही काढलं. मला तेच जास्त मोलाचं वाटतं. ते आता फक्त मॉडेलातच बघायला मिळतं.