मोठ्या शिशुगटातल्या मुलांना मधमाशीचं जीवनचक्र सोप्या पद्धतीनं कसं शिकवावं?

२१ चौकोनांची पट्टी काढा आणि रोज एक चौकोन भरू द्या. पहिले ३ दिवस अंडं (तांदळाची कणी चिकटवा), पुढचे ६ दिवस अळी (शेवईचा वाकडा तुकडा), मग १२ दिवस कोष. त्या चौकोनांवर मेणाच्या झाकणासारखा पिवळा कागद. मधपाळ पेटी तपासतात तेही याच हिशोबानं. फुलपाखरू आधी शिकवलेलं असेल तर मुलं हमखास अळीला पानावर चढवतात! ही अळी पोळ्यातल्या मेणाच्या घरातच पडून असते, भरवतात कामकरी माश्या, हे आधीच सांगा. मात्र २१ दिवस युरोपीय जातीच्या कामकरी माशीचे. राणी १६, नर २४ दिवसांत बाहेर येतो.