फ्लटरमधला (फ्लटर म्हणजे मोबाईल ॲप बनवायचं साधन) टायमर स्क्रीन बदलून आल्यावर दुप्पट पळतो आणि फोन खिशात असला की मागे पडतो. असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीकडे घरच्या उसाला पाणी पाजताना दर वीस मिनिटांनी ‘पाणी पुढच्या सऱ्यांना वळवा’ अशी आठवण देणारं ॲप करताय. सेटिंग उघडून परत आलं की आकडा सेकंदाला दोनने वाढतो, आणि फोन खिशात टाकून मळ्यात गेलं की घंटा फार उशिरा वाजते. ठरावीक अंतराने ठोका देणारा ‘टायमर.पिरिऑडिक’च बिघडलेला आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. नाही, तो बरोबर चालतोय. तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत. ते एकत्र शोधायला जाऊ नका, आधी पहिला संपवा.

सेटिंगची स्क्रीन ‘पुश’ केली, म्हणजे वर चढवली, तरी खालची स्क्रीन जिवंतच असते आणि तिचा टायमर चालू राहतो. परत आल्यावर तुमचं ‘सुरू करा’चं फंक्शन पुन्हा चालतं आणि नवा टायमर जुन्याच व्हेरिएबलमध्ये जाऊन बसतो. जुन्याचा पत्ता तुमच्या हातून गेला, पण तो मेला नाही. ‘कॅन्सल’ होईपर्यंत तो चालतच राहणार. आता दोघं मिळून एकच आकडा वाढवतात. खात्री करायची तर कॉलबॅकमध्ये, म्हणजे दर ठोक्याला चालणाऱ्या फंक्शनमध्ये, मिळणाऱ्या टायमरचा ‘आयडेंटिटी हॅशकोड’ (त्याचा ओळख-नंबर) प्रिंट करा. सेटिंगमध्ये जायच्या आधी लॉगमध्ये एकच नंबर येत राहील, परत आल्यावर दोन नंबर आलटून पालटून दिसतील. दुसऱ्यांदा जाऊन आलात तर तीन.

इलाज सरळ आहे. सुरू करणाऱ्या फंक्शनची पहिली ओळ जुना टायमर ‘कॅन्सल’ करणारी हवी, आणि स्क्रीन कायमची बंद होताना चालणाऱ्या ‘डिस्पोज’मध्येही ‘कॅन्सल’ हवंच. स्क्रीन रंगवणाऱ्या ‘बिल्ड’मध्ये टायमर कधीही सुरू करू नका, कारण ‘बिल्ड’ किती वेळा चालेल हे आपल्या हातात नसतं. ‘डिस्पोजनंतर सेटस्टेट’ची, म्हणजे बंद झालेली स्क्रीन ताजी करायला गेल्याची, लाल ओळ आली की बरेच जण ‘माउंटेड’ (स्क्रीन अजून आहे का) तपासून ती गप्प करतात. मला हे मुळीच पटत नाही. ओळ जाते, टायमर मागे चालू राहतो आणि बॅटरी खातो.

दुसरा दोष जास्त महत्त्वाचा आहे. तुम्ही दर ठोक्याला आकड्यात एक मिळवताय, म्हणजे ठोके मोजून वेळ काढताय. स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड प्रोसेसरला झोपू देतं, आणि झोपेत ठोके पडत नाहीत. ‘स्टॉपवॉच’ घेऊनही सुटका नाही, कारण अँड्रॉइडवर त्याचं घड्याळही त्या झोपेत थांबतं. म्हणून मोटर चालू केली तो क्षण साठवा, ‘डेटटाइम.नाऊ’ (आत्ताची वेळ) मिलिसेकंदात काढून ‘शेअर्ड प्रेफरन्सेस’मध्ये, म्हणजे ॲप बंद झालं तरी टिकणाऱ्या फोनमधल्या नोंदीत. गेलेला वेळ दरवेळी वजाबाकीने काढा. दर सेकंदाचा टायमर फक्त पडद्यावरचा आकडा ताजा करण्यापुरता ठेवा. ॲप पुन्हा समोर आलं, म्हणजे लाइफसायकलमध्ये ‘रिझ्यूम्ड’ आलं, की एकदा लगेच हिशोब करा. मग फोनने मधेच ॲप मारून टाकलं तरी वेळ चुकत नाही.

पण घंटा? ती ॲपमधल्या टायमरवर सोडताच येत नाही. तिचं काम सिस्टीमच्या अलार्मकडे द्या. ‘फ्लटर लोकल नोटिफिकेशन्स’ या पॅकेजच्या ‘झोन्ड शेड्यूल’मध्ये अँड्रॉइडसाठी ‘अलार्म क्लॉक’ मोड आहे, तो घ्या. डोझमध्येही, म्हणजे पडून असलेल्या फोनच्या गाढ झोपेतही, तो वेळेवर वाजतो. वर्क मॅनेजर, म्हणजे अँड्रॉइडवर मागे कामं लावायची सोय, इथे चालणार नाही. त्याचं पुन्हा पुन्हा चालणारं काम पंधरा मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावता येत नाही, आणि तेही नेमक्या वेळी होईल याची हमी नाही. परवानग्यांकडे लक्ष द्या. अँड्रॉइड 12 पासून नेमक्या वेळेच्या अलार्मला वेगळी परवानगी लागते, 13 पासून नोटिफिकेशन दाखवायलाही विचारावं लागतं, आणि 14 वर नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना अलार्मची परवानगी आपोआप मिळत नाही. ॲप पहिल्यांदा उघडल्यावर त्या मागून घ्या. रात्री मळ्यात चिखलात उभ्या असलेल्या माणसाला सेटिंग शोधायला लावू नका.

टेबलावर हा दोष दिसत नाही, त्याचं कारण केबल. फोन चार्जिंगला असेपर्यंत डोझ सुरूच होत नाही, आणि डीबग करताना केबल लावलेलीच असते. एडीबीतून (कॉम्प्युटरवरून फोनला आदेश द्यायचं साधन) आधी ‘डम्पसिस बॅटरी अनप्लग’ द्या, स्क्रीन बंद करा, मग ‘डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल’. घंटा वाजते का पाहा. काम झाल्यावर ‘अनफोर्स’ आणि ‘बॅटरी रिसेट’ विसरू नका.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आपल्या भागात ती ठरलेलीच. थ्री फेज मधेच जाते. आमच्या बेळगावजवळच्या कंग्राळीकडे मार्कंडेय नदीकाठच्या मोटरींचंही तेच. वीस मिनिटांतली बाराच मिनिटं पाणी पडलं असेल आणि ॲप ‘वळवा’ म्हणत असेल, तर त्या सऱ्या कोरड्या राहतात. म्हणून ‘लाईट गेली’ असं मोठं बटण द्या, ओल्या बोटानेही दाबता येईल इतकं. ते दाबलं की त्या क्षणापर्यंतचा वेळ ‘जमा’मध्ये टाका आणि लावलेला अलार्म रद्द करा. ‘लाईट आली’ दाबल्यावर सुरुवातीचा क्षण नव्याने साठवा. एकूण वेळ म्हणजे जमा, अधिक आता वजा शेवटची सुरुवात. नवा अलार्म मात्र उरलेल्या आठ मिनिटांचाच लावा, पुन्हा वीसचा नको.