गंधकामुळे लोखंड लवकर गंजतं का?

विचारलंय की नागपुरात गच्चीचं लोखंडी दार मे महिन्यात बरं असतं, जुलैत मात्र त्याचे पापुद्रे सुटतात. यात कोळशाच्या धुरातल्या गंधकाचा हात आहे का?

आहे, पण ओल असेल तरच. धुरातला सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधक जळून होणारा वायू, आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत फारसं काही करत नाही. आर्द्रता साधारण 60 टक्क्यांवर गेली की तो लोखंडावरच्या पाण्याच्या पातळ थरात विरघळतो आणि फेरस सल्फेट, म्हणजे लोखंडाचा एक गंधकयुक्त क्षार, तयार होतं. खरी गंमत पुढेच. हे सल्फेट ऑक्सिजनमुळे गंजात बदलताना आम्ल पुन्हा मोकळं होतं, आणि ते नवं लोखंड खातं. गंधक चिमूटभर, गंज पसाभर! म्हणून गंजावरच रंग फासू नका, आतलं सल्फेट ओल ओढून फोड आणतं. आधी खरवडा, साध्या पाण्याने धुवा, खडखडीत वाळवा, मग रेड ऑक्साइडचा अस्तर रंग लावा.

चांदीचं निराळं. आईची इतवारी बाजारातली जोडवी काळी पडतात ते ऑक्साइड नव्हे, सिल्व्हर सल्फाइड, म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग. उकडलेल्या अंड्याच्या बलकात चांदीचा चमचा खुपसून बघा, तोही अंड्यातल्या गंधकाने काळवंडेल.